चांगल्या डोळ्याची कड

आमचे काका रफू करतात. कौतुक झालं की समजावं काम बिघडलं, असा हा एकच धंदा मला माहीत आहे. गिऱ्हाईक कोट हातात घेतं, उजेडाकडे धरतं, उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, फाटलं होतं कुठे हो? तेवढ्यावर काकांचं पोट भरतं. कोणी चुकून "वा, काय सुंदर रफू केलंय" म्हणालंच, तर काका कोट परत मागून घेतात आणि उसवून पुन्हा करतात.

एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला खेटून त्यांची बैठक आहे. उंच स्टूल, मांडीवर लाकडी फळी, मान वाकणारा दिवा आणि सुया टोचून ठेवलेला जुना फलालीनचा तुकडा. धागा ते बाजारातून आणत नाहीत. विकतचा धागा दुकानात कितीही जुळला तरी दोन धुण्यांत परका दिसायला लागतो. म्हणून ते त्याच कोटाच्या आतून, शिवणीत दुमडून पडलेल्या कडेतून, एकेक धागा ओढून काढतात आणि भोकावर विणतात. चोरीही घरातच आणि चोरीचा मालही घरातच. गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नाही.

रस्त्यापलीकडे एक माणूस इस्त्रीने ठिगळ चिकटवून देतो. झटपट काम, वर हसतमुख. काका त्याला "डिंक्या" म्हणतात आणि त्याच्या दुकानावरून जाताना नाक मुरडतात. गोंद लावणं म्हणजे कापडाशी खोटं बोलणं, असं त्यांचं मत आहे. हे मत घरात इतक्यांदा ऐकलंय की आम्ही भावंडं शाळेत वह्यांना कव्हरंसुद्धा चोरून चिकटवायचो.

आता असा माणूस दुसऱ्याचं चुकीचं काम बघत गप्प बसेल? लॉन्ड्रीतली मोरी तुंबली होती. धुणारा माणूस कॉस्टिक सोड्याच्या डब्याशी झटापट करत होता. काका स्टुलावरून उतरले, म्हणाले, हो बाजूला, तुला जमायचं नाही. आणि त्यांनी मोरीत सोडा ओतून वर गरम पाणी सोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोरी उसळली आणि डाव्या डोळ्यात उडाली. खांद्यावर गिऱ्हाइकाचा कोट होता. काकांनी तो आधी कोरड्या जागी ठेवला आणि मग डोळा धुतला. कोट वाचला.

डोळ्याची जळजळ गेली, लाली गेली, पण नजर परत येईना. बुबुळावर साय धरल्यासारखा पांढरा पडदा आला आणि त्यात लाल शिरा फिरायला लागल्या. एका डोळ्याने माणूस जगतो, चालतो, भांडतोसुद्धा. पण सुई आणि कापड यांच्यातलं अंतर मोजायला दोन लागतात. काकांची सुई धाग्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडायला लागली. आणि एके दिवशी एका बाईंनी सूट उजेडाकडे धरून, बोट ठेवून सांगितलं, "रफू छान झालंय." त्या दिवशी काका जेवले नाहीत.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाई चांगल्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त साधी कामं हळूहळू डिंक्याकडे जायला लागली. काकांना एका डोळ्याने तेवढं मात्र स्पष्ट दिसत होतं.

घरात विज्ञान शिकलेला मी एकटा. मी पदवी घेतली त्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच होता आणि त्यातून बहुतेकांना आपल्याच पापण्या दिसायच्या. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. काका-काकूंना घेऊन मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जाण्याची कामगिरी माझ्यावर आली.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण, बोलणं तुटक, पण माणसाला बसवून समजावून सांगणारी. तिने सांगितलं ते असं. बुबुळाभोवती, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे एक बारीक कड असते. त्या कडेत मूलपेशी राहतात, म्हणजे लोक ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या. डोळ्याचं वरचं काचेसारखं आवरण रोज झिजतं आणि या पेशी ते रोज नवं तयार करतात. काकांच्या डाव्या डोळ्याची ती कडच जळाली होती. तयार करणारंच कोणी उरलं नाही, म्हणून शेजारची पांढरी कातडी शिरांसकट आत सरकली. काकूने विचारलं, मेलेल्या माणसाचा डोळा बसवतात ना, तसा बसवा. डॉक्टरीणबाई म्हणाली, बसवला तरी टिकणार नाही, त्याच्यावरही हेच गवत उगवेल. आधी कड दुरुस्त करायला हवी.

"आणि ती कशी करता?" काकांनी विचारलं.

"तुमच्याच पेशी घेऊन. दुसऱ्याच्या चालतात, पण शरीर ओळखतं. औषधं देऊन त्याला गप्प बसवत राहावं लागतं."

काकांचा चेहरा असा फुलला की जणू परमुलखात गाववाला भेटला. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, बघ, त्याच कापडाचा धागा. मग ते पुढे सरसावून बसले आणि दोन कारागीर बोलावेत तसे बोलायला लागले. वाईट कातडी सोलून काढणार, बरोबर. आईच्या पोटात बाळ ज्या पिशवीत असतं, तिच्या पातळ पडद्याचं अस्तर खाली टाकणार. काकूने तोंड वाकडं केलं, पण काका म्हणाले, अस्तर हवंच. त्यावर पेशींचे बारीक तुकडे पेरणार, ते पसरत जाणार. छानच.

"शिवण कसली घालता?"

"शिवत नाही. एक खास गोंद असतो, त्याने चिकटवतो."

काका खुर्चीत मागे टेकले. "आणि धागा, म्हणजे पेशी, कुठून काढणार?" त्यांनी विचारलं, पण आवाजातला आपलेपणा गेला होता.

"उजव्या डोळ्याच्या कडेतून. अगदी छोटा तुकडा."

काका उठले. नमस्कार केला आणि चालू लागले. जिन्यात मला म्हणाले, एवढं शिकून शेवटी गोंदच. घरी आल्यावर त्यांनी हे सगळ्या गल्लीला सांगितलं. ऐकणारेही चुकचुकले. उजव्या डोळ्याबद्दल ते कोणाशीच बोलले नाहीत. काकूने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "गोंदाचं निमित्त आहे रे. घाबरलेत. झोपताना उजव्या डोळ्यावर हात ठेवून झोपतात."

आता गल्लीतल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे वळायला हवं. लॉन्ड्रीच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर नवा दवाखाना उघडला होता. पाटीवर भलं मोठं "स्टेम सेल" आणि खाली ज्यांवर उपचार होतात त्या तक्रारी: गुडघे, कंबर, मधुमेह, विसराळूपणा, केस, अर्धांगवायू, वय. वय हाही आजार आहे हे मला तिथे कळलं. दवाखाना चालवणारे गृहस्थ टाय लावायचे, म्हणून गल्लीत त्यांचं नाव टायसाहेब पडलं. केसांची हमी देणाऱ्या टायसाहेबांच्या डोक्यावर सुपारी ठेवली असती तर घरंगळली असती, पण हे कोणी बोलत नव्हतं.

मी काही अगदीच हातावर हात धरून बसलो नाही. वाचलं. तेव्हा कळलं की या पेशींचं प्रकरण खोटं मुळीच नाही. रक्ताच्या आजारांत त्यांनी माणसं वाचवलीत, भाजलेल्यांना कातडी दिलीय, आणि डोळ्याच्या कडेचं ते कामही खरं. बाकीच्या बऱ्याचशा पाटीवर अजून प्रयोग चालू आहेत, आणि सध्या या शास्त्रामुळे सर्वांत सुदृढ कोणी झालं असेल तर ते उंदीर. पेशी कुठे जातील, जाऊन काय बनतील, वाढायच्या थांबतील की नाही, यावर मोठमोठी माणसं डोकं खाजवतायत. टायसाहेबांना खाजवायला काही नव्हतंच. त्यांना सगळं माहीत होतं.

काका वर गेले, बरोबर आम्हीही. गालिचा, मासे सोडलेली काचपेटी, गार हवा. टायसाहेबांनी योजना सांगितली. पोटाची थोडी चरबी काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि दंडातून सोडायच्या. उजव्या डोळ्याला बोटसुद्धा लागणार नाही. गोंद नाही, काही नाही.

मी विचारलं, दंडातून सोडलेल्या पेशींना डोळ्यात जायचंय हे कळणार कसं? टायसाहेब प्रेमाने हसले. म्हणाले, पेशी हुशार असतात, बिघाड जिथे असेल तिथे रस्ता काढत जातात.

काकू म्हणाली, "यांना बाजारातून घरचा रस्ता सापडत नाही, यांच्या चरबीला कसा सापडेल?"

पण काकांना सोय पटली होती, आणि सोय पटलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. टायसाहेबांनी शंभर टक्के हमीचा छापील कागदही दिला. काकूने तिच्या साठवणीतले पैसे काढून आणले आणि काकांच्या चरबीची वरात निघाली.

पुढे काय झालं? काही झालं नाही. डोळा पांढरा तो पांढराच. आणि इथे काकांनी अशी चूक केली, जी या पृथ्वीवर फक्त रफू करणारा माणूस करू शकतो. काकू म्हणायची, अहो, काही फरक दिसत नाही. काका शांतपणे म्हणायचे, चांगलं काम दिसतच नसतं.

टायसाहेबांना असा पेशंट आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हता. त्यांनी काकांचा व्हिडिओ काढला. त्यात काका खुर्चीत बसलेत, समोर सुई आणि धागा, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सुईत धागा ओवतात. खाली अक्षरं: गेलेली नजर परत. ओवला त्यांनी उजव्या डोळ्याने. खरं तर तोही लागला नसता, काका अंधारात पाठीमागे हात बांधून सुई ओवतील. पण बघणाऱ्याला कसं कळणार? तो व्हिडिओ काचपेटीशेजारच्या पडद्यावर दिवसभर फिरायला लागला, मग लोकांच्या फोनमध्ये. डिंक्यानेसुद्धा येऊन काकांचा हात हातात घेतला. काका खूश. टायसाहेबांनी बक्षीस म्हणून पुढची फेरी फुकट देऊ केली. या वेळी पेशी थेट डोळ्यात सोडणार होते, सुईने. आणि एवढी तयारी करतोच आहोत तर दोन्ही डोळ्यांत. उजवा पुढे खराब व्हायला नको, म्हणून.

हे ऐकून मी धावत त्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "एक डोळा घेऊन गेलेली आणि एकही न घेता परत आलेली माणसं मी तपासलीत. काकांना उचलून आणावं लागलं तरी आण."

मी घरी येऊन सांगितलं. काका म्हणाले, ती स्वतःचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून बोलतेय. उजव्या डोळ्यातून तुकडा काढायला घाबरणारा माणूस त्याच डोळ्यात फुकटची सुई घ्यायला तयार होता, कारण काढणं त्यांना माहीत होतं आणि घालणं माहीत नव्हतं. काकूने बोलणं टाकलं. घरात भांडी तेवढी बोलायची.

दिवस ठरला होता. आदल्या दिवशी दुपारी मी काकांना समजवायला म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसलो होतो. काका एका शालीवर वाकले होते, किंवा वाकल्यासारखं करत होते. मालकीणबाई आत आल्या. कधी आत यायच्या नाहीत, दारातूनच काम सांगायच्या. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं जुनं होतं. हळूहळू मधोमध काळा डाग वाढत होता. समोरच्याचं तोंड पुसट आणि कान स्पष्ट, असं त्यांना दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते सांभाळा. कडेकडेने दिसणाऱ्या नजरेवर त्या अजून हिशोब, बटणं, डाग, सगळं बघत होत्या.

त्या स्टुलाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, टायसाहेबांशी बोलणं झालंय, दोन्ही डोळ्यांत घ्यायचं ठरवलंय. तुमचा व्हिडिओ मुलीने लावून दाखवला. मला तुमचं तोंड दिसलं नाही, पण सुई दिसली.

काकांनी सुई फलालीनच्या तुकड्यात टोचून ठेवली.

"काका, मी बाकी कोणाला विचारणार नाही. खरंच दिसतं का हो डाव्याने?"

मी काकांकडे बघत होतो. शंभर टक्के हमी, व्हिडिओ, डिंक्याने धरलेला हात, सगळं त्यांच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. मला वाटलं ते म्हणणार, चांगलं काम दिसत नसतं. त्यांनी शाल खाली ठेवली. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, झोपताना ठेवायचे म्हणे तसा, आणि डाव्या डोळ्याने मालकीणबाईंकडे बघत राहिले. बराच वेळ.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही आहात की गेलात तेही दिसत नाही."

मालकीणबाईंनी स्टूल सोडलं. मग म्हणाल्या, "मग सुई कशी ओवलीत?"

"चांगल्याने."

"लबाड आहात," त्या म्हणाल्या आणि दाराची चौकट चाचपत बाहेर गेल्या. त्या वर गेल्या नाहीत, ना त्या दिवशी ना पुढे. काकांना त्यांनी कामावरूनही काढलं नाही. त्यांच्याशी बोलायच्या मात्र बंद झाल्या. अशी काकांना बाईमाणसांच्या दोन आघाड्यांवर शांतता लाभली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात आले. टायसाहेबांचा जिना टाळून, पलीकडच्या रस्त्याने. डॉक्टरीणबाईने टोमणा मारला नाही, तेव्हा काकांनीच सुरुवात केली. विचारलं, तुकडा काढणार तो नेमका कुठून?

"वरच्या पापणीखालून. एरवी कोणाला दिसत नाही तिथून."

"हं. मीही तिथूनच काढला असता." मग खाली बघत म्हणाले, "बाई, मी जन्मभर कडेतून धागे काढलेत. भोक बुजतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण मला माहिती आहे ना. काही कडा पुढे उसवल्यात. आत असतात म्हणून कोणी बघत नाही, एवढंच."

मी आयुष्यात पहिल्यांदा काकांना धंद्यातलं खरं बोलताना ऐकलं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर नव्हे, डॉक्टरीणबाईसमोर. ती आता सगळं गोड करून सांगेल असं मला वाटलं.

"इथेही उसवू शकते," ती म्हणाली. "फार क्वचित. तुकडा छोटा घेतो ते त्यासाठीच. पण मुळीच होणार नाही असं मी लिहून देणार नाही. डाव्याला किती दिसेल तेही लिहून देणार नाही. आतलं बुबुळ किती जळालंय ते वरचं काढल्यावरच कळेल."

"लॉन्ड्रीसमोरच्या टायवाल्याने लिहून दिलं होतं," काका म्हणाले.

"माहिती आहे."

काकांनी सही केली. गोंदाबद्दल एकच विचारलं, वास येतो का म्हणून.

काम जागेपणीच झालं, डोळे तेवढे बधिर केले होते. उजव्या डोळ्याशी हात लागला तेव्हा काकांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नर्सला बोटं सोडवावी लागली, असं त्यांनी स्वतः नाही, नर्सने काकूला सांगितलं. काकूने त्या बातमीवर मौन सोडलं. मग थेंब, पट्ट्या, पुन्हा थेंब. काका घरभर भिंतीला धरून फिरायचे आणि प्रत्येक कोपऱ्याला नावं ठेवायचे.

डावा डोळा हळूहळू निवळला. पूर्ण नाही. खालच्या बाजूला धूर राहिलाय. डॉक्टरीणबाई म्हणते, पुढे कदाचित बुबुळही बदलावं लागेल, बघू. पण सुई आणि कापडातलं अंतर काकांना मोजता यायला लागलं. उजवा डोळा जसा होता तसा आहे. डोळा मिळालेल्या काकांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की एकाक्ष काळातलं जेवढं काम लॉन्ड्रीत लटकत होतं तेवढं खाली काढून उसवलं. गिऱ्हाइकं वैतागली. मालकीणबाईंना बोलावंच लागलं, रागावण्यासाठी का होईना.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण टायसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. काकांचा डोळा निवळलेला त्यांनी खिडकीतून बघितला आणि पडद्यावरच्या व्हिडिओला नवा फोटो जोडला: आधीचा पांढरा डोळा आणि आत्ताचा काळा. परिणाम सावकाश होतो, पण होतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? रांग दुप्पट झाली. काकांनी वर जाऊन भांडण केलं, तर टायसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल घालायला काढली. काकांनी ती उलटून पाहिली आणि म्हणाले, यंत्राची आहे.

तेव्हापासून दुपारच्या चहाच्या वेळेला काका समोरच्या जिन्याखाली उभे असतात. वर जाणाऱ्याला थांबवतात आणि सांगतात, बाबा रे, मी तोच व्हिडिओतला, पण माझा डोळा यांनी नाही केला, मोठ्या हॉस्पिटलात झाला, कडेचा तुकडा काढून. लोक आधी त्यांना ओळखतात, मग आदराने डोळ्याकडे बघतात, मग म्हणतात, म्हणजे गुण येतो तर. काही परत फिरतात. मी मोजत नाही; काका मोजत असावेत.

परवा मी तिथे होतो. काठी टेकत एक आजोबा आले, सुनेने दंड धरलेला. काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आजोबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, चांगल्या डोळ्यातून तुकडा काढला म्हणता, तर दाखवा कुठून काढला. काका उजेडात सरकले. खाली बघितलं, उजव्या डोळ्याची वरची पापणी बोटाने उलटी वर ओढून धरली, आणि म्हणाले, बघा, तिथे, वरच्या कडेला.

आजोबांनी चष्मा सारखा केला. वाकून बघितलं, सुनेला बघायला लावलं, तिनेही बघितलं.

"काही काढलेलं दिसत नाही हो," आजोबा म्हणाले, आणि सुनेचा हात धरून जिना चढायला लागले.

काका पापणी धरून तसेच उभे राहिले. वर दार उघडून बंद झाल्याचा आवाज आल्यावर त्यांनी ती सोडली, डोळ्याची उघडझाप केली, पाणी पुसलं. मी म्हटलं, काका, चला, चहा गार झाला. ते म्हणाले, तू हो पुढे. आणि आजोबांना गाठायला, गुडघ्यांवर हात देत, जिना चढायला लागले.